वाचकांचे प्रश्न : आधी न बदलता परत भरा

या वेळच्या पत्रांत गेमच्या डेटा फाईलींनी इतकी गर्दी केली, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले. मला त्याचं वाईट वाटत नाही. माझी अर्धी नोकरी एका सिस्टिममधला डेटा दुसरीत हलवण्यात गेली आणि त्याच वर्षांतल्या रात्री गेमच्या फाईली उसवण्यात. काम तेच, फक्त गेमच्या बाबतीत चुकलं तर कुणाचा पगार अडत नाही.

हेक्समधली, म्हणजे बाइट लिहायच्या सोळा चिन्हांच्या आकडेपद्धतीतली, ए ते एफ ही अक्षरं मी मराठीतच लिहिणार आहे. दोन-तीन ओळींत डोळ्यांना सवय होते.

प्रश्न : माझ्या एका जुन्या गेमच्या फोल्डरमध्ये ८०० एमबीची एकच '.डॅट' फाईल आहे. मला फक्त पात्रांचे संवाद बदलायचे आहेत. सेव्हन-झिप ती उघडत नाही. हेक्स एडिटरमध्ये सगळा कचरा दिसतो. मध्येमध्ये इंग्रजी 'एक्स' आणि त्याला चिकटून 'ओ-ई' जोडलेलं एक चिन्ह मात्र पुन्हा पुन्हा दिसतं. फाईल एन्क्रिप्ट केलेली आहे का?

उत्तर : 'एन्क्रिप्ट केलेली' हे शब्द सगळ्यांच्याच तोंडी फार लवकर येतात. माझ्याही यायचे. एका कन्सोल गेमच्या फाईलीपुढे अकरा रात्री मी साप साप म्हणून भुई धोपटत बसले होते. निघालं काय, तर आकडे उलट्या क्रमाने लिहिलेले. ०० ०० ०८ ०० हे चार बाइट डावीकडून वाचले तर २,०४८ होतात आणि पीसीच्या सवयीने उजवीकडून वाचले तर ५,२४,२८८. प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० ही दोन्ही यंत्रं डावीकडून वाचणारी. मी मात्र प्रत्येक तुकडा पाच लाख बाइटांचा समजून चुकीच्या जागी उडी मारत होते आणि तिथे कचरा दिसला की 'बघा, एन्क्रिप्शन!' म्हणत होते.

तुमच्या फाईलीचं '.डॅट' हे शेपूट आधी विसरा, त्याला काही अर्थ नाही. क्वेक ३ ची 'पीके३' आणि डूम ३ ची 'पीके४' या सरळसरळ झिप फाईली आहेत, फक्त शेपूट वेगळं. खरी ओळख बहुतेक वेळा पहिल्या चार बाइटांत असते. 'पीके' दिसलं तर झिप. ती झिपचे कर्ते फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. १९९३ च्या डूमची फाईल 'आयवॅड' किंवा 'पीवॅड' या चार अक्षरांनी सुरू होते. पुढच्या चार बाइटांत आत किती तुकडे आहेत ते, त्यापुढच्या चारांत त्यांची यादी कुठे आहे ते. यादीतली एक नोंद १६ बाइटांची : तुकडा कुठे सुरू होतो, किती लांब आहे आणि आठ अक्षरांचं नाव. बस्स, एवढंच. तीस वर्षं उलटली तरी बहुतेक गेमच्या फाईलींचा सांगाडा हाच आहे : वर एक छोटा मथळा, मग माल आणि कुठेतरी त्या मालाची यादी. यादी कधी सुरुवातीला असते, कधी शेवटी. अनरियल इंजिनच्या 'पाक' फाईलीत तर ओळखीची खूणसुद्धा तळाशी असते. वरून वाचायला बसलात तर ती दिसणारच नाही.

आता तुमचं ते 'एक्स' आणि 'ओ-ई'. पत्रातलं सोनं त्या एका वाक्यात आहे. हेक्समध्ये ते ७८ ९सी होतं, आणि झेडलिब या डेटा आवळणाऱ्या (कॉम्प्रेस करणाऱ्या, म्हणजे जागा वाचवायला लहान करणाऱ्या) लायब्ररीने आवळलेला तुकडा नेहमीच्या सेटिंगवर याच दोन बाइटांनी सुरू होतो. कमीत कमी आवळलेला ७८ ०१ ने, जास्तीत जास्त आवळलेला ७८ डीए ने. या जोड्या उगीच निवडलेल्या नाहीत. दोन बाइट मिळून जी संख्या होते तिला ३१ ने पूर्ण भाग जायलाच हवा, असा नियमच आहे. ७८ ९सी म्हणजे ३०,८७६, म्हणजे ३१ गुणिले ९९६.

पण दिसलेली प्रत्येक जोडी तुकड्याची सुरुवात असेल असं नाही. कुठलेही दोन ठरावीक बाइट निव्वळ योगायोगाने साधारण ६५,५३६ जागांमागे एकदा येतात. तुमच्या ८०० एमबीत अशा सुमारे १२,८०० फसव्या जागा निघतील. म्हणून डोळ्यांनी मोजू नका, उघडून पाहा. लुइजी ऑरिएम्मा यांचं 'ऑफझिप' हेच काम करतं : प्रत्येक जागी सोडवायचा प्रयत्न करतं आणि जे खरोखर सुटलं तेवढंच बाहेर काढतं. पायथॉन येत असेल तर झेडलिब मॉड्यूल घेऊन दहा ओळींत हे स्वतःला लिहिता येतं. खऱ्या तुकड्याच्या शेवटी चार बाइटांची बेरीज-तपासणी असते, ॲडलर-३२ नावाची. ती जुळली की संशय संपला.

हे सगळं करूनही काही सुटलं नाही तर एक घरगुती चाचणी सांगते. फाईलीचा पाच-दहा एमबीचा तुकडा कापा आणि सेव्हन-झिपने आवळा. निम्मा झाला तर तो मुळात आवळलेलाच नव्हता, उगीच घाबरलात. जवळजवळ तेवढाच राहिला तर आधीच आवळलेला आहे किंवा खरंच एन्क्रिप्ट केलेला आहे. या दोघांत फरक करायचा तर संवादांच्या आसपासचा भाग वाचा. एलझेड४ सारख्या पद्धतीत नवं अक्षर जसंच्या तसं लिहितात आणि आधी येऊन गेलेल्या भागाकडे नुसतं बोट दाखवतात. त्यामुळे तुकड्याची पहिली ओळ धडधडीत वाचता येते, दुसरीतले शब्द तुटू लागतात आणि पाचवीपर्यंत भुसा होतो. असा हळूहळू भुसा होत जाणारा मजकूर दिसला की निर्धास्त व्हा, ते नुसतं आवळलेलं आहे. झेडलिबमध्ये वर हफमनचं कोडिंगही (वारंवार येणाऱ्या चिन्हाला छोटा कोड देणारी पद्धत) असतं, म्हणून तिथे पहिली ओळही दिसत नाही. आणि जिथे शून्यांच्या रांगा असायला हव्यात तिथे एकच भलता बाइट रांगेने दिसला, तर कुणीतरी सगळ्यावर एकाच किल्लीचा एक्सॉर (प्रत्येक बाइट किल्लीने बदलणारी साधी क्रिया, शून्यावर केली की किल्लीच उरते) फिरवलाय. तो बाइट हीच किल्ली.

प्रश्न : झेडलिबचा तुकडा सुटला, संवाद सापडले. दोन वाक्यं बदलून तुकडा पुन्हा आवळला. मूळ ९,२१२ बाइटांचा होता, माझा ९,२५६ झाला. त्याच जागी पेस्ट केला. आता गेम लोगो दाखवते आणि बंद पडते. ४४ बाइटांनी इतका फरक पडतो?

उत्तर : ४४ बाइट तुमचे नव्हते, शेजाऱ्याचे होते. पुढच्या तुकड्याचं डोकं तुम्ही उडवलंत आणि गेमने वाचायला घेतलं ते बिनडोक्याचं धड.

तुमची तूट मात्र फार मोठी नाही, अर्ध्या टक्क्याच्या आतच आहे. मूळ तुकडा ७८ ९सी ने सुरू होत असेल तर तो बहुधा सहाव्या पातळीवर आवळलेला आहे (पातळी जितकी वरची, तितका माल सहसा लहान). तुम्ही नवव्या पातळीवर आवळून बघा. तरी बसला नाही तर झॉप्फ्ली नावाचं आवळणारं टूल वापरा. ते कासवाच्या गतीने चालतं, पण त्याचा माल साध्या झेडलिबला उघडता येतो आणि काही टक्क्यांनी लहान असतो. तुकडा मूळ जागेत मावला की उरलेल्या जागेत शून्यं भरा. झेडलिबला आपला शेवट कळतो, पुढच्या शून्यांकडे ते बघत नाही.

मावलाच नाही तर तो मूळ जागी कोंबू नका. फाईलीच्या शेवटी जोडा आणि यादीतला पत्ता बदला. जुना तुकडा तिथेच पडून राहू दे, त्याच्याकडे आता कुणी जाणार नाही. पत्ता बदलताना दोन गोष्टींवर सगळे आपटतात. एक, यादीत लांबी बहुतेक वेळा दोनदा असते : आवळलेली आणि उघडलेली. लोक पहिली बदलतात आणि दुसरी विसरतात. गेम दुसरीच्या हिशेबाने मेमरी राखून ठेवते, मग संवाद मध्येच कापले जातात नाहीतर गेम कोसळते. दोन, पत्ता बाइटांतच असेल असं नाही. जीटीए ३ आणि व्हाइस सिटीच्या 'आयएमजी' फाईलींची यादी वेगळ्या 'डिर' फाईलीत असते आणि तिच्यात पत्ता नि लांबी दोन्ही २,०४८ बाइटांच्या सेक्टरांत मोजलेले असतात. तिथे ५ लिहिलं असेल तर तो १०,२४० वा बाइट. तुकडासुद्धा सेक्टरच्या कडेलाच सुरू व्हायला हवा.

पण हे सगळं नंतर. तुम्ही एक पायरी गाळलीत, आणि मला आलेल्या दहातल्या आठ पत्रांत तीच गाळलेली असते. काहीही न बदलता तुकडा बाहेर काढायचा, तसाच्या तसा परत भरायचा आणि गेम चालवून बघायची. एक अक्षरही न बदलता! लोकांना हे वेळ घालवणं वाटतं. मलाही वाटायचं. मग एकदा तीन दिवस मी माझ्याच भाषांतरात चूक शोधत बसले, स्वल्पविराम काढून पाहिले, अवतरणचिन्हं बदलून पाहिली. दोष होता टूलमध्ये. ते यादी लिहिताना शेवटची नोंद खात होतं. पहिल्याच दिवशी न बदललेला माल परत भरून पाहिला असता तर दहा मिनिटांत कळलं असतं.

ही चाचणी करताना नवी फाईल जुनीशी बाइटागणिक जुळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. आवळणारं टूल वेगळं, पातळी वेगळी, तर बाइटही वेगळे येणार, त्यात चूक काही नाही. नवी फाईल पुन्हा उघडा आणि आतून निघालेला माल जुन्या मालाशी ताडा. तो शेवटच्या बाइटापर्यंत जुळला पाहिजे. एवढं झालं आणि तरीही गेम अडली, तर बहुधा कुठेतरी संपूर्ण फाईलीची सीआरसी (मघाच्या बेरीज-तपासणीसारखाच एक आकडा) तपासली जातेय. मग तो आकडा कुठे लिहिलाय ते शोधायला लागा.

आणि हो, मूळ फाईलीची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर. त्याच फोल्डरमध्ये 'जुनी', 'जुनी २', 'खरी जुनी' अशा नावांनी नव्हे. हे मी कुठल्या अनुभवाने सांगते ते विचारू नका.

प्रश्न : पात्राच्या कपड्यांचं टेक्स्चर बदललं. जवळून माझा रंग दिसतो, पात्र लांब गेलं की जुना. का?

उत्तर : मिपमॅप. 'डीडीएस' फाईलीत एकाच चित्राच्या निम्म्या-निम्म्या होत गेलेल्या प्रती असतात आणि लांबच्या वस्तूला गेम छोटी प्रत लावते. तुम्ही फक्त मोठी बदललीत. सेव्ह करताना मिपमॅप नव्याने तयार करायला सांगा. आकारही मूळचाच ठेवा : १,०२४ बाय १,०२४ चं चित्र डीएक्सटी१ या आवळण्याच्या प्रकारात मिपमॅपशिवाय ५,२४,२८८ बाइट होतं, डीएक्सटी५ मध्ये बरोबर दुप्पट. प्रकार चुकला की मघाचाच शेजाऱ्याचा तंटा. आणि उघडलेल्या डीडीएसवरच पुन्हा पुन्हा काम करू नका, प्रत्येक सेव्हला चित्र थोडं मळतं. मूळ काम पीएनजीत ठेवा.

प्रश्न : ताई, मी गेमचे संवाद मराठीत आणतोय. आधी नुसते चौकोन दिसत होते. फॉन्ट बदलला तर अक्षरं आली, पण 'किल्ला' मधली वेलांटी 'क' च्या नंतर येते आणि 'ल' चा पाय मोडलेलाच राहतो. शिवाय काही वाक्यं अर्ध्यात तुटतात.

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण या दुखण्यातून मी स्वतः गेले आहे. यात दोन वेगळे आजार आहेत.

तुटणाऱ्या वाक्यांचा आजार सोपा आहे. 'किल्ला' आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पण युनिकोडला ती सहा आहेत : क, वेलांटी, ल, हलन्त, ल, काना. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड बाइटांत लिहायच्या एका पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे १८ बाइट. त्याच जागी इंग्रजीतला चार अक्षरांचा शब्द चार बाइटांत बसलेला असतो. यूटीएफ-१६ मध्ये तोच 'किल्ला' १२ बाइटांचा. संवादांच्या फाईलीत प्रत्येक वाक्य कुठे सुरू होतं त्याची आतली एक यादी असते. पहिलं वाक्य लांबलं की पुढचे सगळे पत्ते सरकवावे लागतात. हे हाताने करू नकोस, वेडा होशील. वाक्यं एका साध्या टेक्स्ट फाईलीत काढणारी आणि तिच्यावरून पत्त्यांसकट फाईल नव्याने बांधणारी छोटी स्क्रिप्ट लिही. आकार तिप्पट होईल म्हणून धास्तावूही नकोस. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे पहिले दोन बाइट ई० ए४ किंवा ई० ए५ हेच असतात. इतकी पुनरावृत्ती म्हणजे आवळणाऱ्याला मेजवानी. आवळल्यावर फुगवटा बराच उतरतो.

वेलांटीचा आजार खोल आहे. आपल्या लिपीत अक्षरं एकापुढे एक मांडून भागत नाही. वेलांटी लिहायची नंतर पण दाखवायची आधी, जोडाक्षरं एकमेकांत मिसळायची, रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. हे सगळं करणारा वेगळा कारागीर लागतो. आजच्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये तो 'हार्फबझ' नावाने असतो. तुझ्या गेममध्ये तो नाही. तिच्याकडे आहे एक चित्र, त्यात चौकटीचौकटीत काढलेली अक्षरं, आणि कुठला कोड आला की कुठली चौकट छापायची त्याचा तक्ता. तू कितीही चांगला फॉन्ट दे, ती बिचारी एकेक चौकट डावीकडून उजवीकडे छापत जाणार.

मग तिच्याच भाषेत बोलायचं. तुझ्या सगळ्या संवादांत किती वेगवेगळी जोडाक्षरं लागतात ते स्क्रिप्टने मोजून घे. 'ल्ल', 'त्र', 'क्ष', 'ष्ट्र' यांची तयार चित्रं फॉन्टच्या चित्रात रिकाम्या चौकटींत काढ आणि प्रत्येकीला न वापरलेला कोड दे. मग मजकूर दिसतो त्या क्रमाने लिही : आधी वेलांटी, मग क, मग 'ल्ल' ची एक चौकट, मग काना. युनिकोडच्या नियमांनी हे अशुद्ध आहे, पण गेमला युनिकोड कुठे कळतंय? फक्त शुद्ध मराठी मजकूर वेगळ्या फाईलीत जप आणि हे रूपांतर सगळ्यात शेवटी स्क्रिप्टकडून करून घे. मी आधी रूपांतर केलं आणि नंतर शुद्धलेखन तपासायला बसले. ते पुन्हा करणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. त्याने गेममध्ये काही बदल केले आणि आता ती बदललेली दोन जीबीची फाईल मित्रांना देतोय. तो म्हणतो यात काही चूक नाही. खरं आहे का?

उत्तर : बदल त्याचे आहेत, पण त्या दोन जीबीतलं बाकी सगळं गेम बनवणाऱ्यांचं आहे. ते वाटायचा हक्क त्याला नाही. हे पुढचं त्याला वाचायला द्या.

अरे, फाईल देऊ नकोस, फरक दे. 'एक्सडेल्टा' हे टूल जुनी आणि नवी फाईल ताडून फक्त बदल साठवतं, आणि तू बदल थोडेच केले असतील तर त्या दोन जीबीचे काही केबी होतात. ज्याच्याकडे स्वतःची गेम आहे त्यालाच तो फरक लावता येतो. जुन्या काळी यासाठी 'आयपीएस' असायचं, पण त्यात पत्ता तीन बाइटांचा, त्यामुळे १६ एमबीपलीकडे त्याचा हात पोहोचत नाही. त्याहून बरं म्हणजे मूळ फाईलीला हातच लागणार नाही असं काही जमतंय का ते पाहा. स्कायरिममध्ये बदललेली सुटी फाईल डेटा फोल्डरमध्ये त्याच नावाने, त्याच वाटेवर ठेवली की गेम तीच आधी उचलते. क्वेकमध्ये मोठ्या क्रमांकाची पाक फाईल लहान क्रमांकावर मात करते. आणि ऑनलाइन खेळताना बदललेल्या फाईली बाजूला काढून ठेव. तिथे खातं बंद झालं तर मला पत्र लिहू नकोस.

प्रश्न : माझ्या गेमची फाईल उघडते, पण आतल्या फाईलींना नावंच नाहीत. ०००१ पासून नुसते क्रमांक. नावं गेली कुठे?

उत्तर : ती तिथे कधी नव्हतीच. काही गेम नावाऐवजी नावाचा हॅश ठेवतात, म्हणजे नावावरून काढलेला एक आकडा. डायब्लोपासूनच्या 'एमपीक्यू' फाईलींचं उदाहरण प्रसिद्ध आहे. नाव आधी इंग्रजी मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत करायचं, तिरप्या रेघा एकसारख्या करायच्या, मग हॅश. नावावरून आकडा निघतो, आकड्यावरून नाव निघत नाही. म्हणून उलट जायचं : नावांचे अंदाज बांधायचे, प्रत्येकाचा हॅश काढायचा आणि कुठे जुळतो ते पाहायचं. एमपीक्यूत पुष्कळदा 'लिस्टफाईल' नावाची यादी आतच ठेवलेली असते, ती आधी शोधा. नसेल तर गेमच्या मुख्य ईएक्सईमधला वाचता येणारा सगळा मजकूर काढा, कारण गेमला फाईल मागायची तर नाव कुठेतरी लिहावंच लागतं. मग नकाशांच्या फाईलींत डोकवा, त्यांत टेक्स्चरची नावं असतात. मग क्रम लावा : 'दार०१' सापडलं तर 'दार०२' करून बघा.

मी एका गेमवर हे केलं तेव्हा आत ४१२ फाईली होत्या. पहिल्या संध्याकाळी ३०० च्या वर नावं जुळली, पुढच्या दोन महिन्यांत बाकीची. तीन अजून उरली आहेत. त्यांतली एक आवाजाची फाईल आहे, सहा सेकंदांची. कुणीतरी जिना उतरतंय. आख्ख्या गेममध्ये जिना नाही.